वर्षजेवणाचे पाच टक्के

तराझ, १८ ऑगस्ट २०२५

अमानताय,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी मेलेलं नाही. तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस म्हणून कागद वापरावा लागतोय. टपालावर माझा भरवसा नाही, म्हणून हे तुमच्याकडे मंगिस्तावला येणाऱ्या रेल्वेगाडीचा डबा सांभाळणाऱ्या सेरिकबोलकडे देतेय. माझाच विद्यार्थी. सातवीत गणितात दोनदा नापास केलं होतं त्याला, तरी अजून ‘बाई, बाई’ करत पिशव्या उचलतो.

परवा तुझ्या बायकोचा फोन आला होता. बागिला म्हणाली, “आपा, नव्या घरासाठी सामान घ्यायचंय. बँकवाले क्रेडिट कार्ड देतायत. खरेदीचे पाच टक्के परत मिळतात म्हणे. तुम्हाला त्यातलं कळतं, घेऊ का?” मागून तुझा आवाज आला, “तिला कशाला विचारतेस!” पण फोन काही काढून घेतला नाहीस. म्हणजे तुलाही ऐकायचं होतं. मी अकरा वर्षांची असल्यापासून तुला कडेवर घेऊन फिरलेय, माझ्यापुढे नाटकं नकोत.

तर ऐक. बागिलाने कार्डाच्या माहितीपत्राचे फोटो पाठवले, ती चारही पानं मी चष्मा लावून आणि पेन्सिल घेऊन वाचली. आमच्या शाळेत मला विचारल्याशिवाय कोणी कार्ड घेत नाही. इतिहासाचे मास्तर गेल्या वर्षी ‘फुकट’ कार्ड घ्यायला निघाले होते. त्यातून रोख काढली तर पहिल्याच दिवसापासून व्याज लागतं हे मी बोट ठेवून दाखवलं, तेव्हा घाम फुटला त्यांना. शाळा सुटली तरी रांग माझ्याच दारात.

तुमचं सामान सोळा लाख टेंगेंचं. स्वयंपाकघराची कपाटं, फ्रीज, कपडे धुण्याचं यंत्र, पलंग दोन, टेबल एक. त्याचे पाच टक्के म्हणजे ऐंशी हजार. कार्डाची वर्षाची फी नऊ हजार. राहिले एकाहत्तर. पन्नास दिवस व्याज नाही. पैसे तुझ्याकडे साठवलेले आहेतच, ते पंचेचाळिसाव्या दिवशी भरून टाकायचे. हप्ते पाडून देतो असं दुकानदार म्हणेल, त्याला हात जोडायचे. बाकी बारीक अक्षरांत विशेष काही नाही. घ्या.

आता माझं काम. आपल्या तोग्झानची पाठवणी वीस सप्टेंबरला, शनिवारी. मुलगा शिमकेंतचा, दातांचा डॉक्टर, बोलायला थोडा कमी पण खायला बरा. पोरीला बाप नाही. हात उघडून दुआ द्यायला मामाच लागतो, हे मी तुला सांगायला नको. ती म्हणते, मामा आला नाही तर गाडीत बसणार नाही. मी तिला समजावायला गेले नाही, कारण मलाही तसंच वाटतं.

आपल्यात झालं ते झालं. बाबांना जाऊन वर्ष झालं, त्या वर्षजेवणाचं हॉलचं बिल मी माझ्या कार्डाने भरलं, बँकेने लाखभर टेंगे परत दिले, त्यातून मी कोट घेतला. तू माझ्या दारात उभा राहून म्हणालास, “बापाच्या जेवणात दलाली खाल्लीस, आपा.” आणि बायकोपोरं घेऊन थेट समुद्राकाठी अक्ताऊला राहायला गेलास. मी तेव्हाही सांगितलं, आताही सांगते. ते पैसे बँकेचे होते. तुझे नव्हते आणि बाबांचेही नव्हते. कोट मी तीन हिवाळे घातला, अजून नवा दिसतो.

वीस तारीख. शनिवार. विसरू नकोस.

तुझी बहीण,
उल्मेकेन

*

तराझ, २९ ऑगस्ट

अमान,

बागिलाने बोलून पाठवलेला निरोप मी सात वेळा ऐकला. “आपा, हे येणार आहेत. कामावरच्या साहेबाला सांगून टाकलंय. तोग्झानसाठी गालिचा बघून ठेवलाय, पण तिला सांगू नका.” मी अर्थातच लगेच सांगितलं. ती रडली, मग हसली, मग मला मिठी मारून माझ्या चष्म्याची दांडी वाकवली.

घरात आता पीठ आणि लोणी यांशिवाय काही दिसत नाही. शेजारच्या बायका रोज येतात. पिठाचे बाउरसाक तळायचे त्या दिवशी, पण तीन आठवडे आधीपासून सल्ले तळून काढतायत. एक म्हणते घोड्याचं मांस कमी पडेल, दुसरी म्हणते शिमकेंतवाले फार खातात. मी दोघींना बाहेर काढलं आणि आकडा मीच ठरवला.

निरोपात बागिला पुढे म्हणाली, तू दहा तारखेला कामावरून घरी येशील आणि त्याच दिवशी कार्डावर सही करून एका दुकानातून सगळं सामान उचलशील. तुझे शब्दही तिने सांगितले. “भांडण असेल, पण आपाचा हिशोब कधी चुकत नाही.”

बरं वाटलं. तोग्झानलाही वाचून दाखवावं म्हणून माझ्या त्या पत्राची वही काढली. मी पत्राची नक्कल ठेवते, तुला माहीतच आहे. तिने माहितीपत्राचे फोटोही बघायला घेतले. बँकेत नोकरी करते पोरगी, तिचे डोळे लगेच तिसऱ्या पानावर गेले.

“आई, हे मामाला लिहिलंस ना?”

“काय ते?”

“हेच, तिसऱ्या पानावरचं.”

मी म्हटलं, कढईत तेल तापलंय, मागाहून बघू. कढईत काही नव्हतं.

सध्या एवढंच. थंडी लवकर पडेल असं दिसतं. बागिलाला सांग, गालिचा लाल नको.

उल्मेकेन

*

तराझ, ४ सप्टेंबर

अमान,

तू दहाला कामावरून येऊन स्टेशनवर उतरशील, तेव्हाच हे पत्र सेरिकबोल तुझ्या हातात देईल. बागिलाला फोन करून सांगता आलं असतं, पण ती सगळं मोठ्या आवाजात लावून ऐकते, पोरांसकट. हे तू एकट्याने वाच.

कार्डावर सही करू नकोस. माझा हिशोब चुकला नव्हता, मी तो मुद्दाम अर्धा लिहिला होता.

तिसऱ्या पानावर खाली लिहिलंय, महिन्याला पंचवीस हजारांच्या वर काही परत मिळणार नाही. म्हणजे पाच लाखांच्या खरेदीपर्यंत पाच टक्के, पुढच्या अकरा लाखांवर शून्य. सगळं एका दिवशी घेतलंस तर मिळणार पंचवीस, फी गेली नऊ, हातात सोळा. ऐंशी नाही. पहिलं पत्र लिहिताना ते वाक्य माझ्या पेन्सिलीखाली होतं. मी त्याच्याखाली रेघसुद्धा मारली होती.

मग लिहिलं का नाही? कारण या मर्यादेवर एक तोड असते आणि ती कोणालाही दोन मिनिटांत सुचते. खरेदी दोन महिन्यांत वाटायची. थोडी महिन्याच्या शेवटच्या दिवशी, थोडी पुढच्या महिन्याच्या पहिल्या दिवशी, की मर्यादा पुन्हा नव्याने सुरू. हे मी तुला समजावलं असतं तर तू तिथेच थांबला असतास. तुला बाबांच्या वर्षजेवणाची तारीख आठवली असती. एक नोव्हेंबर.

वर्षजेवण तीस ऑक्टोबरला ठरलं होतं, रविवारी. मग मी तुला फोन केला, “हॉल मिळत नाही रे, मंगळवारी करावं लागेल.” हॉल रिकामा होता, अमान. हॉलवाली बाई तर म्हणाली, “मंगळवारी कोण जेवण घालतं, बाई? रविवारच घ्या ना.” बिल वीस लाखांचं होतं. निम्मे तुझे, तू रोख आणून दिलेले. माझ्या कार्डाला महिन्याला पन्नास हजारांची मर्यादा होती. दहा लाख आगाऊ मी ऑक्टोबरमध्ये भरले होते, उरलेले दहा जेवणाच्या दिवशीच द्यायचे होते. तीस तारखेला जेवण झालं असतं तर सगळं ऑक्टोबरात गेलं असतं आणि पन्नासच मिळाले असते. एक तारखेला केलं म्हणून लाख मिळाले.

तुझी कामावर जायची गाडी एक तारखेला दुपारी पावणेदोनची होती. तू साहेबाकडे दोन दिवस जास्तीचे मागितलेस, त्याने दिले नाहीत. आदल्या दिवशी तू तुझा घोडा स्वतः कापलास. पहाटे चार वाजता मांस शिजत घातलंस. बारापर्यंत दारात उभा राहून येणाऱ्यांचे हात हातात घेतलेस. मग बॅग उचलून स्टेशनवर गेलास. पाहुणे दोनला जेवायला बसले.

तू मला ओरडलास ते कोटावरून. मी पण कोटावरूनच भांडले, कारण त्यात माझी बाजू पक्की होती. खऱ्या गोष्टीपर्यंत आपण पोचलोच नाही. तुला ती माहीत नव्हती आणि मला ती सांगायची नव्हती.

तोग्झानला मी काल सगळं सांगितलं. म्हणाली, “आई, मामा येतोय. पंधरा दिवस गप्प बस. पाठवणी होऊ दे, मग लिही.”

“आणि त्याने दहाला सही केली तर?”

“सोळा हजार तर सोळा हजार. मी भरून देईन उरलेले. पण त्याने हे वाचलं तर तो येणार नाही. माझ्यासाठी दुआ कोण देईल? तू?”

ती चूक म्हणत नव्हती. तरी मी लिहितेय. तू ‘आपाचा हिशोब चुकत नाही’ म्हणालास, त्या शब्दावर विसंबून दुकानात उभा राहणार आहेस. एकदा मी तुला खोटं सांगून बाबांच्या जेवणातली तुझी जागा हिरावली. पुन्हा त्याच गोष्टीवर पांघरूण घालायला तुझे पैसे घालवायचे, एवढी मी वाया गेलेली नाही.

तर आता पुरा हिशोब. सामान चार महिन्यांत वाटून घेतलंत तर पूर्ण ऐंशी मिळतील, हे खरं. पण मग बागिला आणि पोरं डिसेंबरपर्यंत जमिनीवर झोपणार. टक्क्यासाठी घरच्या माणसांना असं हलवू नये. मी ते करून बघितलंय. सामान घेऊन झाल्यावर तुमचा महिन्याचा किराणा दीड लाखांचा, किराण्यावर हे कार्ड पाच नाही, एकच टक्का देतं, म्हणजे वर्षाला अठरा हजार. त्यातून नऊ फी. कधी एखादा महिना कामाच्या गडबडीत भरायचं राहिलं तर व्याज ते सगळं एका घासात खाईल. शिवाय कार्ड हातात असलं की बागिला गालिचे बघत फिरणार. ते कार्ड तुमच्या कामाचं नाही. तुझ्या पगाराच्या बिनफीच्या साध्या कार्डाने सामान घे, दुकानदाराशी घासाघीस कर. घासाघीस करायला लाजतोस तू, बागिलाला पुढे कर.

वीस तारखेला यायचं की नाही ते तू ठरव. मी विनवणी करणार नाही. तोग्झान करेल कदाचित, ती तुझी भाची, तिला हक्क आहे.

उल्मेकेन

*

तराझ, १४ सप्टेंबर

अमान,

सेरिकबोल काल परत आला. म्हणाला, “बाई, दिलं हातात. फलाटावरच उभं राहून वाचलं. दोनदा. मग घडी घालून खिशात ठेवलं.”

“काही म्हणाला?”

“मला म्हणाला, जा. मी गेलो.”

बागिलाचा फोन लागत नाही. तोग्झान माझ्याशी कामापुरतं बोलते. ‘आई, चाळणी.’ ‘आई, सरक.’ शेजारणींना वाटतंय पोरगी सासरी जायच्या विचाराने उदास आहे. मी त्यांचा समज तसाच राहू दिलाय.

पत्र पाठवल्याचा मला पस्तावा नाही. रात्री झोप लागते. पण तू गेल्यावर त्या दिवशी काय झालं ते तुला कोणी सांगितलं नसेल, म्हणून सांगते. हे तुझं होतं, तुझ्यापाशी असायला हवं.

एकशे एक्याण्णव माणसं आली. बाबांबरोबर ट्रॅक्टर चालवणारा काणा कोयशिबाय आला होता, नातवाच्या खांद्याला धरून. मुल्लाने कुराण वाचलं, आणि मृतासाठी मुलाने बोलावं म्हणून मान वर करून बघितलं. सगळ्यांनी बघितलं. मी म्हटलं, त्याला गाडी होती. कोणीतरी विचारलं, “मग मंगळवार कशाला घेतला?” मी म्हटलं, हॉल मिळाला नाही. दुसऱ्यांदा खोटं बोलले, भर ताटावर.

मग कोयशिबाय उठला. म्हणाला, “मुलगा नाही तर मी बोलतो. हा माणूस एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या बर्फात मला सात किलोमीटर पाठीवरून घेऊन आला. नंतर आयुष्यभर म्हणायचा, तुझं वजन फार होतं.” सगळे हसले. हसता हसता तो रडायला लागला आणि मग दुआ मागितली. ती छान होती. तुझी असायला हवी होती.

मांस मऊ शिजलं होतं. प्रत्येकाने विचारलं कोणी शिजवलं, प्रत्येकाला मी तुझं नाव सांगितलं. तेवढं खरं बोलले.

उल्मेकेन

*

तराझ, २२ सप्टेंबर

अमान,

काल संध्याकाळी तुम्हाला गाडीत बसवून आले आणि आज पुन्हा कागद घेऊन बसलेय. आता तू फोनही उचलशील, बागिला तसं म्हणाली. पण तुझ्या एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे राहिलंय आणि ते तोंडाने देता आलं नाही.

शुक्रवारी सकाळी सहाला सेरिकबोलचा फोन आला तेव्हा मी पीठ मळत होते. “बाई, तुमचा भाऊ माझ्या डब्यात झोपलाय. वहिनीही आहेत. चेहरा आंबट आहे, पण गालिचा मोठा आहे.” तोग्झान अनवाणी अंगणात धावली आणि गाडी यायला अजून दोन तास होते. मी तिला आत ओढून चपला घालायला लावल्या.

तू घरात आलास. तिला जवळ घेतलंस. मला, “सलाम, आपा,” एवढंच. दिवसभर मांस, पाहुणे, शिमकेंतच्या लोकांचं स्वागत, सगळं बघितलंस, माझ्याकडे मात्र एकदाही बघितलं नाहीस. शनिवारी तोग्झान गाडीजवळ उभी राहिली, तू दोन्ही हात उघडलेस. तुला बोलता येत नाही असं मला नेहमी वाटायचं. तू इतकं नीट बोललास की तो मुका दातांचा डॉक्टरसुद्धा डोळे पुसायला लागला. तिच्या बापाचं नाव घेतलंस. आपल्या बाबांचं घेतलंस. ती गाडीत बसली.

मग सगळे आत गेले आणि तू मला लाकडांच्या शेडपाशी बोलावलंस.

“तीन वर्षं मी त्या हॉलवालीला शिव्या देतोय, आपा. फोन करून भांडलोही होतो तिच्याशी. आता कोणाला देऊ?”

“मला दे,” मी म्हटलं.

दिल्यास. शेजारणी कुंपणावरून ऐकत होत्या, ऐकू दिलं. मधेच तू म्हणालास, “त्या दिवशी गाडी दोन तास लेट होती. तुम्ही जेवत होतात तेव्हा मी फलाटावरच बसलो होतो. परत यावं तर गाडी सुटेल, म्हणून आलो नाही. बापाच्या वर्षजेवणाला मी दोनशे टेंगेंचा समसा खाल्ला, तोही गार.”

हे मला माहीत नव्हतं.

मग तू विचारलंस, “पन्नास हजारांपुढे मी तुला स्वस्त वाटलो का?” आणि उत्तराची वाट न बघता आत गेलास, शिमकेंतवाल्यांना निरोप द्यायला.

तर उत्तर. स्वस्त नाही वाटलास, अमान. मी तुला मोजलंच नव्हतं. त्या दिवशी कागदावर मी सगळं मांडलं होतं. माणसं किती, ताटं किती, टक्के किती, मर्यादा किती, कुठल्या दिवशी भरायचं. तुझ्या गाडीची वेळ मला तोंडपाठ होती, पण ती कागदावर घेतली नाही. अमान आपलाच आहे, अमान समजून घेईल, असं धरून चालले. परक्या माणसाची गाडी असती तर मी नक्की मांडली असती. हॉलवालीचा विचार केला, मुल्लाला दोनदा फोन करून मंगळवार जमेल का विचारलं. तुला विचारलं नाही, कळवलं फक्त.

लहानपणी मी तुझ्या वतीने सगळं ठरवायची. काय खायचं, कुठल्या बाकावर बसायचं. आई गेल्यावर ते कोणीतरी करायला हवंच होतं. तू बेचाळीस वर्षांचा झालास, दोन पोरांचा बाप झालास, मी थांबायचं विसरले.

यापुढे तुला विचारल्याशिवाय तुझं काही ठरवणार नाही. मला हे फार जड जाणार आहे. पहिला प्रश्न आत्ताच विचारते आणि उत्तर काहीही आलं तरी वाद घालणार नाही. बाबांसाठी एकदा तुझ्या तोंडून दुआ व्हायला हवी. एखादं मेंढरू, घरचीच माणसं, कोयशिबाय अजून आहे. तुला कुठला दिवस जमेल?

उल्मेकेन